'कॉन्फरन्स' या शब्दाची कुळकथा

रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात गप्पांचे फड रंगतात. त्या गडबडीत शेजारच्या खोलीत आठ-दहा माणसे शांतपणे येऊन बसतात. प्रार्थना होते, चिटणीस मागील सभेचे इतिवृत्त वाचतात, कोणी कोणत्या घरी भेट दिली ते थोडक्यात सांगितले जाते, आणि शेवटी एक पिशवी हातोहात फिरते. तिच्यात कोणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही कळू नये असा दंडक असतो. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची ही सभा आपल्या परिचयाची आहे. वेदीवरून तिची सूचना दिली जाते तेव्हा 'कॉन्फरन्सची सभा' असे शब्द आपण ऐकतो, आणि त्यात काही वेगळे आहे असे आपल्याला वाटत नाही.

परंतु क्षणभर थांबून विचार केला, तर हा शब्द येथे विचित्रच दिसतो. कॉन्फरन्स म्हणजे परिषद; विद्वानांची, डॉक्टरांची, राजकारण्यांची. एका विधवेच्या घरी तांदूळ पोहोचवणाऱ्या, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या आठ-दहा माणसांच्या गटाला परिषद का म्हणावे? 'मंडळ', 'सेवासंघ', 'मदत समिती' असे कितीतरी सोपे शब्द होते. आम्ही जुन्या जाणत्यांना विचारले, तेव्हा "पूर्वीपासून असेच म्हणतात" एवढेच उत्तर मिळाले. या 'पूर्वीपासून'चा माग काढत गेलो, तर वाट पॅरिस शहरात, विद्यार्थ्यांच्या एका वादसभेच्या दारात जाऊन थांबते. ज्या संस्थेने बोलण्यापेक्षा करण्यावर भर दिला, तिचा जन्म भाषणे करणाऱ्या मंडळींच्या पोटी झाला. 'कॉन्फरन्स' हा शब्द तिच्या या जन्माची खूण आहे. ही कुळकथा आज सांगावीशी वाटते, कारण त्या सभेत विचारला गेलेला एक प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही.

वादळी काळ

१८३० च्या जुलै महिन्यात पॅरिसमध्ये क्रांती झाली. दहावा चार्ल्स हा राजा देशोधडीला लागला आणि लुई फिलिप गादीवर आला. जुन्या राजवटीशी ख्रिस्तसभेचे घनिष्ठ नाते होते. साहजिकच राजावरचा राग तिच्यावरही निघाला. १८३१ च्या फेब्रुवारीत जमावाने सेंट जर्मेन लोक्सेरुआ हे चर्च लुटले आणि आर्चबिशपांचा वाडा उद्ध्वस्त केला. सुशिक्षित तरुणांमध्ये धर्माची टवाळी करणे ही विद्वत्तेची खूण समजली जाऊ लागली. कोणी व्होल्तेअरचे शिष्य म्हणवीत, तर कोणी सँ-सिमाँच्या पंथाचे. सँ-सिमाँ १८२५ साली वारला होता. पण ख्रिस्ती धर्माचे दिवस भरले आहेत, आता उद्योग, विज्ञान आणि श्रमिकांचे कल्याण यांवर उभारलेला नवा धर्म हवा, असे त्याचे अनुयायी हिरिरीने सांगत होते. त्यांच्या म्हणण्यात ओढ होती, कारण गरिबांचे हाल त्यांना खरोखरच दिसत होते.

आणि ते हाल थोडेथोडके नव्हते. त्या वेळी पॅरिसची लोकसंख्या आठ लाखांहून थोडी कमी होती. खेड्यांतून पोटासाठी आलेली कुटुंबे अंधाऱ्या गल्ल्यांतील खोल्यांत दाटीवाटीने राहत. १८३२ च्या वसंतऋतूत शहरात कॉलऱ्याची साथ आली. त्या एका वर्षात पॅरिसमध्ये सुमारे १८ हजार माणसे तिला बळी पडली. मृत्यूने श्रीमंतांची दारेही वगळली नाहीत. पण गरिबांच्या वस्त्यांत त्याने मुक्कामच ठोकला.

अशा या शहरात १८३१ च्या नोव्हेंबरमध्ये अठरा वर्षांचा एक सडपातळ, संकोची विद्यार्थी कायद्याच्या अभ्यासासाठी आला. त्याचे नाव फ्रेडरिक ओझानाम.

लिआँचा विद्यार्थी

फ्रेडरिकचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरी झाला. वडील पूर्वी सैन्यात होते, पुढे ते डॉक्टर झाले. फ्रेडरिक लहान असतानाच हे कुटुंब फ्रान्समधील लिआँ शहरी परतले. आईवडिलांना चौदा अपत्ये झाली. त्यांतील बहुतेक लहानपणीच दगावली. वडील गरिबांच्या घरी औषधपाण्यासाठी जात. गरिबाच्या घराचा जिना चढण्याचे शिक्षण फ्रेडरिकला असे घरातूनच मिळाले होते, जरी त्याचा अर्थ त्याला पुढे उमगायचा होता.

किशोरवयात त्याच्या श्रद्धेला तडे गेले. शंका मनाला कुरतडू लागल्या. त्या वेळी फादर न्वारो या तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाने त्याला हाताशी धरले. त्यांनी त्याला दटावले नाही, आपल्याबरोबर फिरायला नेले आणि त्याच्या शंका ऐकून घेतल्या. त्या अंधारातून बाहेर पडताना फ्रेडरिकने मनाशी निश्चय केला की, उर्वरित आयुष्य सत्याच्या सेवेला वाहायचे. सँ-सिमाँच्या अनुयायांनी लिआँमध्ये प्रचार सुरू केला, तेव्हा अठरा वर्षांच्या या मुलाने त्यांना उत्तर देणारी पुस्तिका लिहिली. जगातील प्राचीन धर्म आणि परंपरा यांचा अभ्यास करून ख्रिस्ती धर्माचे सत्य सिद्ध करणारा प्रचंड ग्रंथ लिहावा आणि त्यासाठी डझनभर भाषा शिकाव्या, असा बेतही त्याने आखला होता. त्या वयात माणसाला सारेच शक्य वाटते.

पॅरिसमध्ये मात्र त्याला एकाकीपण जाणवले. पहिल्या खाणावळीतील सोबती धर्माची थट्टा करणारे निघाले. सुदैवाने विख्यात पदार्थशास्त्रज्ञ आंद्रे-मारी अँपिअर यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. विजेचा प्रवाह मोजण्याच्या एककाला आज ज्यांचे नाव आहे, तेच हे अँपिअर. तेही लिआँ परिसरातले. एकदा मन उदास झाले असताना फ्रेडरिक सेंट एतिएन द्यू माँ या चर्चमध्ये शिरला, तेव्हा एका कोपऱ्यात गुडघे टेकून जपमाळ करणारे अँपिअर त्याच्या दृष्टीस पडले, अशी आठवण त्याचे चरित्रकार सांगतात. एवढा मोठा शास्त्रज्ञ सामान्य बायाबापड्यांच्या बरोबरीने जपमाळ हाती घेतो, हे दृश्य त्या तरुणाला शंभर युक्तिवादांहून मोलाचे वाटले.

शनिवारची वादसभा

पॅरिसच्या विद्यापीठ परिसरात एमान्युएल बायी नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालवले होते आणि एका कॅथलिक वृत्तपत्राचेही ते चालक होते. वय चाळिशीच्या घरातले, पण विद्यार्थ्यांशी बरोबरीच्या नात्याने वागण्याची त्यांची हातोटी होती. क्रांतीपूर्वी त्यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांचे एक अभ्यासमंडळ चालत असे. १८३० च्या धामधुमीत ते विस्कळीत झाले. ओझानाम आणि त्याचे मित्र यांच्या आग्रहावरून त्यांनी ते नव्या रूपात सुरू केले. पँथिऑनजवळच्या लेस्त्रापाद चौकात शनिवारी सायंकाळी ही सभा भरू लागली. तिला नाव मिळाले 'इतिहासाची कॉन्फरन्स'.

सभेची पद्धत सांगण्यासारखी आहे. एका सभासदाने आधी तयारी करून निबंध वाचायचा. विषय इतिहासाचा असे. पण त्या ओघाने तत्त्वज्ञान, वाङ्मय, धर्म यांनाही मज्जाव नव्हता. चालू राजकारण तेवढे वर्ज्य होते. वाचन झाले की इतरांनी उठून त्यातील उणिवा दाखवायच्या, आक्षेप घ्यायचे, आणि निबंधकाराने त्यांना उत्तर द्यायचे.

परंतु या सभेचे खरे वैशिष्ट्य तिच्या उघड्या दारात होते. ती केवळ कॅथलिक तरुणांची नव्हती. व्होल्तेअरचे चाहते, सँ-सिमाँचे अनुयायी, कशावरच विश्वास नसलेले, सर्वांना तेथे बोलण्याची मुभा होती. ओझानामने आपल्या आप्तांना लिहिलेल्या पत्रांतून या सभांचे उत्साहाने वर्णन केले आहे. विरोधी विचारांचे तरुण येथे येऊन ख्रिस्ती धर्माला त्याच्या शिकवणुकीचा आणि कार्याचा जाब विचारतात, आणि मग कोणीतरी उभे राहून त्यांना उत्तर देतो, हे त्याला मोलाचे वाटत होते. आपल्याच माणसांत बसून एकमेकांच्या होकाराला होकार देण्यात त्याला रस नव्हता.

ओझानाम जन्मजात वक्ता नव्हता हेही येथे नमूद केले पाहिजे. तो बुजरा होता. बोलायला उभा राहिला की सुरुवातीला चेहरा पांढराफटक पडे, शब्द अडखळत. पुढे सॉर्बोन विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावरही प्रत्येक व्याख्यानापूर्वी त्याच्या मनावर दडपण येत असे. मात्र विषय अंगात भिनला की तोच माणूस पेटून बोलू लागे. आपल्या धर्मग्रामातील वक्तृत्व स्पर्धेत व्यासपीठावर पाय लटपटणाऱ्या मुलामुलींना हे अवश्य सांगावे.

या तरुणांची धिटाई सभागृहापुरती नव्हती. १८३२ साली सॉर्बोनमध्ये जुफ्रुआ हे तत्त्वज्ञानाचे नामांकित प्राध्यापक आपल्या व्याख्यानांतून प्रकटीकरणाच्या कल्पनेवर टीका करीत, तेव्हा ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी त्यांना लेखी आक्षेप पाठवले. पहिल्यांदा प्राध्यापकांनी दुर्लक्ष केले. पण आक्षेप येतच राहिले. अखेर श्रद्धेचा अपमान करण्याचा आपला हेतू नव्हता, असा खुलासा त्यांना भर वर्गात करावा लागला. विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला नव्हता की खुर्च्या फेकल्या नव्हत्या. त्यांनी युक्तिवाद केला होता.

तो प्रश्न

असे दिवस जात होते. वाद रंगत होते, कॅथलिक तरुण बहुधा जिंकतही होते. ख्रिस्ती धर्माने रानटी टोळ्यांना माणसाळवले, मठांतून ज्ञानाचे दिवे तेवत ठेवले, गुलामांना माणूस मानले, रुग्णांसाठी आश्रम उभारले. ही सारी उदाहरणे त्यांच्या जिभेवर होती. इतिहास त्यांच्या बाजूने होता आणि तो कसा मांडावा हे त्यांना साधले होते.

आणि मग एके दिवशी विरोधी बाजूच्या एका तरुणाने वेगळाच प्रश्न टाकला. त्याचा आशय असा होता: भूतकाळाविषयी तुम्ही म्हणता ते मान्य. ख्रिस्ती धर्माने एकेकाळी अद्भुत कार्य केले. पण आज तो धर्म मेला आहे. तुम्ही कॅथलिक असल्याचा एवढा अभिमान मिरवता, तर आज तुम्ही काय करता? तुमची श्रद्धा जिवंत असल्याचा पुरावा कोठे आहे?

सभेत अनेक आक्षेपांना उत्तरे दिली गेली होती. या आक्षेपाला ग्रंथांतून उत्तर देता येत नव्हते. तारखा, नावे, दाखले यांचा येथे उपयोग नव्हता. प्रश्न मध्ययुगातील मठवासीयांना नव्हता. समोर बसलेल्या, वीस-बावीस वर्षांच्या, चांगले कपडे घातलेल्या विद्यार्थ्यांना होता. त्यांच्या वसतिगृहापासून पायी थोड्याच अंतरावर मुफ्तार भागातील गल्ल्या होत्या, जेथे कॉलऱ्याने घरेच्या घरे ओस पाडली होती. किती जण तेथे गेले होते?

हा प्रसंग पुढे स्वतः ओझानामनेच सांगितला. १८५३ च्या जानेवारीत, आजाराने खंगलेल्या अवस्थेत तो इटलीत फ्लॉरेन्स येथे होता. तेथील सभासदांसमोर बोलताना त्याने वीस वर्षांपूर्वीची ही आठवण जागवली आणि त्या आक्षेपात तथ्य होते हे मोकळेपणाने मान्य केले. वादात हरल्याचे सांगायला धैर्य लागते. तो पराभव आपल्या आयुष्यातील कृपेचा क्षण होता हे ओळखायला त्याहून अधिक काही लागते.

दुसरी कॉन्फरन्स

त्या सायंकाळनंतर मित्रांमध्ये चर्चा सुरू झाली. केवळ वादविवादाच्या सभा आता पुरेशा वाटेनात. जेथे कोणी कोणावर विजय मिळवायचा नाही, अशी एखादी सभा का असू नये? सर्व जण बायी यांच्याकडे गेले. २३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, बायी यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीत पहिली बैठक झाली. बायी अध्यक्ष झाले. ओझानाम, ऑग्युस्त ल तायांदिए, फ्रान्स्वा लालिए, पॉल लामाश, ज्यूल दव्हो आणि फेलिक्स क्लाव्हे हे सहा विद्यार्थी सभासद. सात माणसे, आणि बैठकीअखेर फिरवलेल्या टोपीत जमलेली थोडी नाणी, एवढेच भांडवल.

नाव काय द्यावे हा प्रश्न फारसा पडलाच नाही. इतिहासाची कॉन्फरन्स होती, कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या कॉन्फरन्स होत्या; तशीच ही 'प्रेमकार्याची कॉन्फरन्स'. शब्द तोच राहिला, त्यातील आशय मात्र मुळापासून बदलला. पहिल्या सभेत सभासद आपला निबंध वाचत, दुसऱ्या सभेत ते आपण भेट दिलेल्या घराची हकीकत सांगत. पहिल्या सभेत प्रश्न असे की, तू म्हणतोस ते खरे कशावरून? दुसऱ्या सभेत प्रश्न असे की, त्या घरात आता कशाची गरज आहे? संत विन्सेंट डी पॉल यांचे नाव पुढे १८३४ साली आश्रयदाते म्हणून जोडले गेले; पण 'कॉन्फरन्स' हा जन्मापासूनचा शब्द कोणी काढला नाही.

इच्छा होती, पण अनुभव नव्हता. गरिबाच्या घरी जायचे म्हणजे काय करायचे? बायी यांनी त्यांना भगिनी रोझली रांद्यू यांच्याकडे पाठवले. प्रेमकार्य भगिनी संघाच्या या व्रतस्थ अनेक वर्षे मुफ्तार भागात राबत होत्या. वस्तीतील बारीकसारीक व्यथा त्यांना ठाऊक होत्या. त्यांनी या तरुणांना गरजू कुटुंबांची नावे दिली, पाव मिळवण्याच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वागावे कसे ते शिकवले. गरिबाला उपदेश करण्यापूर्वी त्याचे ऐकून घ्या, घाई करू नका, त्याच्या घरी पाहुण्यासारखे जा, हा त्यांचा धडा होता. फादर न्वारो यांनी लिआँमध्ये एका शंकेखोर मुलाशी जे केले होते, तेच आता त्या मुलाला इतरांशी करायचे होते. वादसभेत बोलायला शिकलेल्या तरुणांनी मुफ्तारच्या अंधाऱ्या खोल्यांत ऐकायला शिकून घेतले.

वादाने घेतलेले निर्णय

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. या तरुणांनी बोलणे वाईट आणि करणे चांगले, असा सोपा निष्कर्ष काढला नाही. बोलण्याची कला त्यांनी टाकून दिली नाही. ती कामाला लावली.

१८३३ च्या जूनमध्ये ओझानाम आणि त्याचे सोबती पॅरिसचे आर्चबिशप केलां यांना भेटले. तरुणांच्या शंकांना भिडणारी, आजच्या भाषेत बोलणारी प्रवचने नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये व्हावीत, अशी लेखी विनंती त्यांनी अनेक विद्यार्थ्यांच्या सह्यांनिशी केली. पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले, या वेळी अधिक सह्या घेऊन. पहिला प्रयत्न फारसा साधला नाही. अखेर ८ मार्च १८३५ रोजी, उपवासकाळात, फादर लाकोर्दैर नोत्र दामच्या व्यासपीठावर उभे राहिले, आणि हजारोंचा समुदाय त्यांना ऐकण्यासाठी लोटला. त्यांत वर्षानुवर्षे चर्चची पायरी न चढलेलेही होते. उपवासकाळातील या व्याख्यानमालेची परंपरा नोत्र दामच्या नावाशी कायमची जोडली गेली. तिच्या मुळाशी विद्यार्थ्यांचे एक निवेदन होते, आणि त्या व्याख्यानांनाही म्हणतात 'कॉन्फरन्स'च!

संस्थेतही मोठे निर्णय वादातूनच झाले. १८३४ च्या अखेरीस सभासदांची संख्या शंभरावर गेली. एका खोलीत मावणे कठीण झाले, भेटींच्या हकीकती ऐकायला वेळ पुरेना. तेव्हा संस्थेचे विभाग पाडावेत अशी सूचना पुढे आली आणि डिसेंबरमध्ये तिच्यावर जोरदार चर्चा झाली. ओझानाम विभाजनाच्या बाजूने होता. पण संस्थापकांपैकीच काहींना ते सहन होईना. आपण मित्र म्हणून एकत्र आलो, आता वेगवेगळ्या खोल्यांत बसायचे तर मैत्री उरणार कशी, असा त्यांचा सवाल होता. डोळ्यांत पाणी आले, आवाज चढले. निर्णय लगेच लादला गेला नाही, मने शांत होऊ दिली गेली. १८३५ च्या आरंभी विभाग पडले, आणि संस्था चर्च-चर्चमधून पसरू लागली. त्याच सुमारास दक्षिण फ्रान्समधील नीम शहरी पॅरिसबाहेरची पहिली कॉन्फरन्स उभी राहिली. १८३५ सालीच लालिए यांनी नियमावली तयार केली आणि बायी यांनी तिला प्रास्ताविक जोडले. आपल्या गावातील कॉन्फरन्स ही त्या कष्टाने घेतलेल्या निर्णयाचीच दूरची फांदी आहे. त्या सायंकाळी मैत्रीच्या मोहाने दारे बंद झाली असती, तर पॅरिसमधील शंभर चांगल्या तरुणांचे एक मंडळ एवढीच या कथेची व्याप्ती राहिली असती.

शब्दांची किंमत

ओझानामने पुढे कायद्याची आणि वाङ्मयाची डॉक्टरेट मिळवली, महाकवी दान्तेवर प्रबंध लिहिला, १८४१ साली आमेली सुलाक्रुआ हिच्याशी विवाह केला, त्यांना एक मुलगी झाली, आणि १८४४ साली तो सॉर्बोनमध्ये प्राध्यापक झाला. प्रापंचिक माणसाने संसार, नोकरी आणि सेवाकार्य यांची सांगड कशी घालावी, याचा तो वस्तुपाठ होता. पण गरिबांच्या घरांचे जिने चढता चढता त्याच्या ध्यानात आले होते की, पावाच्या चिठ्ठ्यांनी सारे भागत नाही. मजुराला न्याय्य वेतन हवे, आणि ख्रिस्तसभेने सत्ताधाऱ्यांची संगत सोडून जनतेच्या बाजूला यायला हवे, असे तो सांगू व लिहू लागला. हे पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ मधील श्रमिकविषयक परिपत्रकाच्या कितीतरी आधी.

१८४८ च्या जूनमध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर भुकेलेले कामगार आणि सरकारी सैन्य यांच्यात रक्तपात सुरू झाला. ओझानाम, बायी आणि आणखी एक मित्र यांनी आर्चबिशप आफ्र यांना भेटून मध्यस्थी करण्याची विनंती केली. आर्चबिशपांनी ती मान्य केली. या तिघांना बरोबर येऊ न देता ते बंडखोरांच्या अडथळ्यांकडे गेले. २५ जून रोजी तेथे त्यांना गोळी लागली आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. आपण केलेल्या विनंतीचे असे मोल द्यावे लागेल, हे त्या तिघांच्या स्वप्नातही नसेल. हा घाव ओझानामच्या मनावर काय करून गेला असेल, याची कल्पनाच करावी. शब्द उच्चारणे ही किती जोखमीची गोष्ट आहे, हे त्याला वादसभेत कळले नसेल तेवढे त्या दिवशी कळले.

८ सप्टेंबर १८५३ रोजी, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, मार्सेय येथे त्याची प्राणज्योत मालवली. वय अवघे चाळीस. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला धन्यवादित म्हणून घोषित केले. जागतिक युवा दिनासाठी जगभरातील तरुण पॅरिसमध्ये जमलेले असताना, आणि त्याच नोत्र दाममध्ये, जेथे व्याख्याने व्हावीत म्हणून त्याने सह्या गोळा केल्या होत्या. भगिनी रोझली रांद्यू यांनाही २००३ साली तोच बहुमान लाभला. सात जणांची ती कॉन्फरन्स आज दीडशेच्या आसपास देशांत पसरली आहे.

आपल्यापुरते

आपल्या समाजात वक्तृत्वाला मान आहे आणि तो असावा. धर्मग्रामांत भाषणस्पर्धा होतात, निबंधस्पर्धा होतात, परिसंवाद होतात. मुलाने करंडक आणला की आईबाप तो कपाटात दर्शनी ठेवतात. महाराष्ट्राला तर व्याख्यानांची थोर परंपरा आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ सालापासूनची. या साऱ्याचे आम्हांला कौतुक आहे. मनातले नीट मांडता येणे आणि विरोधकाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेता येणे, ही नागरिकत्वाचीही शिकवण आहे.

तरीही त्या पॅरिसच्या सभेकडे पाहताना आम्हांला दोन गोष्टी बोचतात.

पहिली अशी. तो प्रश्न विचारणारा तरुण आपल्यातला नव्हता. लेस्त्रापाद चौकातील सभेचे दार बंद असते, तेथे फक्त आपलेच लोक बसून आपल्याच इतिहासाचे गोडवे गात असते, तर तो प्रश्न कधीच विचारला गेला नसता, आणि सोसायटीही जन्मली नसती. आपल्या परिसंवादांत असा परका माणूस बसतो काय? बसला आणि बोलला, तर आपण त्याचे ऐकतो, की त्याने आपल्या भावना दुखावल्या म्हणून गलका करतो? ओझानामने त्या तरुणाला शत्रू मानले नाही. त्याने त्याचे ऋण मानले.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. आपल्या चर्चच्या त्या शेजारच्या खोलीत जमणाऱ्या आठ-दहा जणांकडे एकदा नीट पाहावे. बहुतेकांचे केस पांढरे झाले आहेत. गुडघे दुखतात म्हणून जिना चढताना त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. ज्यांनी ही संस्था स्थापली ते मात्र कॉलेजात शिकणारे होते, आणि त्यांच्यातला एक जण त्या दिवशी वीस वर्षांचा झाला होता. आपले वीस वर्षांचे तरुण कोठे आहेत? ते वाईट आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ते हुशार आहेत, बोलके आहेत, प्रश्न विचारणारे आहेत. त्यांना कोणी त्या खोलीत बोलावले आहे काय? आणि बोलावले तेव्हा, "तुम्ही फक्त ऐका" असे न सांगता, त्यांना वाद घालू दिला आहे काय?

ख्रिस्ती माणसाने काय केले याची यादी आपल्यालाही तोंडपाठ आहे. आपल्या पूर्वजांनी शाळा काढल्या, दवाखाने चालवले, सहकारी पतपेढ्या उभारल्या; जयंत्या-मयंत्यांना आपण ते अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. फक्त भाषण संपून टाळ्या थांबल्या की, एका फ्रेंच तरुणाने विचारलेला प्रश्न आपल्याही सभागृहात उभा असतो. त्याला उत्तर व्यासपीठावरून देता येत नाही.

येत्या रविवारी कॉन्फरन्सची सभा आहे. वेदीवरून सूचना होईल, तेव्हा आपण ती लक्ष देऊन ऐकू या, आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन त्या खोलीत जाऊ या.